चौदाव्या किलोमीटरचं टेबल

गुरुवार, ११ जानेवारी

प्रिय सबूर,

ताईंच्या गावी तरी पाय उशीवर आहे ना? एक नको, दोन उशा घे. ताईंना माझा नमस्कार सांग, आणि हिला स्वयंपाकघरात फिरकू देऊ नका, हेही सांग. औषधांच्या दुकानात जन्म घालवलेल्या बाईला गोळ्या वेळेवर घे म्हणून मी काय सांगणार!

माझी हालत बघशील तर हसशील. शर्यतीला चार दिवस झाले तरी जिना उलटा उतरते, कठड्याला धरून, पाठ पुढे करून. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी काल विचारलं, "काही विसरलात का वर?" दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलीत. मशीनचं पायडल मारलं की मांड्या बोंबलतात, आणि नेमके शाळेचे अकरा गणवेश शिवून द्यायचेत. भावाने मेडल हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "उतारावर तर दगडही पळतो." मी म्हटलं, दगडाला एक तास अठ्ठावन्न मिनिटं लागतात का विचार जा. वेळ तुला सांगणार नव्हते गं, निसटलं तोंडून.

परवा फोनवर तू विचारलंस, मी पडल्याचं टेबलावर नक्की सांगितलंस ना? अगं हो. चौदाव्या किलोमीटरला ते टोपीवाले काका नाहीत का दरवर्षी पाणी द्यायला, त्यांनाच सांगितलं. "बघतो" म्हणाले. गर्दी होती, राहिलं असेल त्यांच्याकडून. जाऊ दे आता. हाड जुळणं महत्त्वाचं.

लवकर बरी हो. तुझ्याशिवाय सकाळी बूट बांधायला हात उठत नाही.

तुझीच,
घाई


रविवार, १८ फेब्रुवारी

प्रिय सबूर,

या आठवड्यात तीनदा फोन लावला. तीनदा तू उचललास आणि मी हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून लिहिते. एका बैठकीत वाच, आणि वाचताना ताईंना जवळ बसू देऊ नकोस. त्यांच्यासमोर माझी लाज निघालेली मला नको आहे. बघ, अजूनही मला माझीच पडली आहे.

प्लास्टर निघालं हे कळलं. पाऊल पूर्ण वळत नाही, हेही कळलं. तू म्हणालीस, "तेव्हाच मदतीची गाडी आली असती तर मी चालले नसते, आणि हाड सरकलं नसतं." आणि शर्यत भरवणाऱ्या मंडळाकडे काकांची तक्रार केलीस. बरोबरच केलंस. तुला जे माहीत होतं त्यावरून बरोबरच केलंस.

गेल्या मंगळवारी काका माझ्या दुकानात आले. मला वाटलं, पँट आखूड करायची असेल. त्यांनी पिशवीतून ते निळं जॅकेट काढलं. छातीवर मंडळाचा बिल्ला, चारी बाजूंनी घट्ट शिवलेला. म्हणाले, "एवढा उसवून द्या बाई. परत मागितलाय त्यांनी. कापडाला भोक पडू देऊ नका, जॅकेट चांगलं आहे." त्यांनी मला ओळखलं नाही. टोप्या, गॉगल, घाम, कोण कोणाला ओळखतंय.

मी विचारलं, का हो, काय झालं? विचारायची काही गरज होती का? पण तोंडातून गेलं. म्हणाले, "एक बाई पडल्या होत्या वर वळणावर. त्यांच्या मैत्रिणीने मला येऊन सांगितलं म्हणे, आणि मी गाडीला फोनच केला नाही. मला काही म्हणजे काही आठवत नाही हो. पण सांगितलंच असेल, ती कशाला खोटं बोलेल? घरी सूनसुद्धा म्हणते, बाबा हल्ली विसरतात. सोमवारी डॉक्टरकडे नेणार आहे, डोकं तपासायला." आणि हसले. मी कात्री उचलली, खाली ठेवली आणि म्हटलं, शनिवारी या.

सबूर, मी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं.

विसरले असं म्हणायला मी फार शोधलं. विसरले नव्हते. साडेबारा किलोमीटरला बारीक खडीवरून तुझा पाय सटकला, तू बसलीस, घोटा बघता बघता फुगला. मी थांबते म्हटलं तर तूच म्हणालीस, "तू पळ, टेबलावर सांग, ते गाडी पाठवतील." दीड किलोमीटर मी एकच वाक्य घोकत उतरले: वळणावर बाई पडली आहे, गाडी पाठवा. टेबल दिसलं. घड्याळात एक तास एकोणीस. थांबले, समजावलं, कुठलं वळण, कुठली बाई, की दोन-तीन मिनिटं गेलीच. आणि मग दोन तासांच्या आत येणं संपलं. काकांनी पेला पुढे केला. मी घेतला. तोंड उघडलं ते पाणी प्यायला.

पुढच्या टेबलावर सांगू, असं स्वतःला म्हटलं. पुढच्या टेबलावर म्हटलं, एव्हाना कोणीतरी सांगितलं असेल, इतके लोक मागून येताहेत. आणि नंतर तू मला सांगितलंस की त्या इतक्या लोकांतले सहा-सात जण तुझ्यापाशी थांबले होते. तू त्यांना हाताने पुढे घालवलंस. "माझ्या मैत्रिणीने सांगितलंय, गाडी येतेच आहे." हे तू हसत सांगितलंस गं. तेव्हापासून जेवायला बसले की हे वाक्य ताटासमोर येऊन बसतं. पाऊण तास तू तिथे माझ्या भरवशावर बसलीस आणि शेवटी लंगडत निघालीस.

आणि कशासाठी? पन्नाशीची बाई, एक तास अठ्ठावन्न मिनिटं, एक्केचाळीस सेकंद. कोण विचारतंय? सहा महिने दहा मजल्यांचे जिने आपण जोडीने उतरलो. पावलं लहान टाक, पुढे वाकू नकोस, उतारावर पायापेक्षा अक्कल पळते, हे तूच शिकवलंस. "अति घाई संकटात नेई" म्हणत माझं नाव ठेवलंस. संकटात तूच गेलीस. भाऊ चेष्टेत म्हणाला होता, पण खरोखर दगडच पळाला त्या दिवशी.

काल काका आले. बिल्ला होता तसाच होता. मी दुकानाचं दार लोटलं, त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. तुझ्या आधी त्यांना सांगितलं, याचा राग येऊ दे. त्यांचा सोमवार जवळ आला होता. वाटलं, आता शिव्या देतील. दोन दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं?" नाही म्हटलं. "मग मी विसरलो नाही?" नाही काका. पुन्हा विचारलं, "नक्की?" मग म्हणाले, "असं लिहून द्याल का? घरी दाखवायला."

बिलाच्या वहीचा कागद फाडला आणि लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी करून वरच्या खिशात ठेवलं आणि जॅकेट तिथेच अंगात घातलं. माझ्याकडे न बघता दार उघडून गेले. बरोबर आहे. मंडळालाही मी आज लिहिलंय, तुझी तक्रार खोटी नव्हती, माझं सांगणं खोटं होतं, असं.

माफ कर असं लिहायला दोनदा घेतलं आणि खोडलं. तुझं पाऊल पुरतं वळत नाही, आणि मी त्यावर 'माफ कर' ठेवू? रागव. ताईंना सांगायचं तर सांग. उत्तर नाही आलं तरी समजेन. पण एक मागते. पुढच्या महिन्यात तुला चालायचा सराव करायचा आहे ना, रोज दहा मिनिटं, काठी घेऊन. एवढं कळव की बरोबर कोण चालतंय. कोणी नसेल तर मी सकाळच्या गाडीने येईन आणि तुझ्या मागून चालेन. बोलू नकोस माझ्याशी. तू थांबशील तिथे मी थांबेन.

त्या दिवशी न थांबलेली,
घाई