मावळतीला गेलेले दूध

प्रति,
मा. प्रमुख, नेमणुका व बदल्या विभाग,
परराष्ट्र मंत्रालय, उलानबातर, मंगोलिया

विषय : हनोई येथील बढती परत घेऊन वॉर्सा येथे कोणत्याही कनिष्ठ पदावर पाठविणेबाबत.
संदर्भ : सल्लागारपदाच्या बढतीचा आपला दि. ४ मार्चचा आदेश.

महोदय,

वरील आदेशाबद्दल मी ऋणी आहे. एकोणीस वर्षांच्या सेवेत याच पदाची आस धरली होती. तरीही ते स्वीकारता येत नाही, त्याचे कारण नम्रपणे मांडते.

१. माझी आई, खांद तिचे नाव, आर्खंगाय प्रांतात मेंढ्या राखून राहत असे. लेकरू परमुलखी निघाले की आपल्याकडे आई त्याच्या वाटेवर दूध शिंपडते. माझी आई एकदा शिंपडून थांबली नाही. मी वॉर्साला गेल्यापासून रोज सकाळी नऊ खळग्यांचा लाकडी चमचा घेऊन ती मावळतीकडे तोंड करी आणि म्हणे, "जा रे दुधा, लांब जा, माझ्या लेकीच्या वाटेला जा."

२. तीन वर्षांपूर्वी माझी बदली हनोईला झाली. यजमान देशाची संमती येईपर्यंत नेमणुकीची वाच्यता करायची नाही, हा नियम मी पाळला. संमती सात आठवड्यांत आली. त्यानंतरचे मौन माझे आहे, खात्याचा त्यात दोष नाही. फोनवर आई म्हणाली होती, "मावळतीची सवय झालीय गं हाताला. परत दिशा बदललीस तर मी काय भोवऱ्यासारखी फिरत बसू?" ती हसली, मग तिला खोकल्याची ढास लागली. माझ्याने सांगवले नाही. उन्हाळ्यात रजेवर जाईन तेव्हा सांगू म्हटले.

३. रजेवर गेले, वॉर्साचा उरलेला साबण तिच्या हातात ठेवला आणि परत आले. पुढे ती विचारी, "तिकडं बर्फ पडला का गं?" पंख्याखाली घाम पुसत मी उत्तर देई, "यंदा थंडी कमीच आहे, आई." अशी उत्तरे द्यायला मी याच खात्यात शिकले. माझ्या गोपनीय अहवालात त्याची प्रशंसाही आहे.

४. यंदाच्या जानेवारीत आई गेली. शिष्टमंडळाचा दौरा उरकून मी पोहोचले, तेव्हा माती होऊन चार दिवस झाले होते. थोरला भाऊ गालबद्राख चहा ओतता ओतता म्हणाला, "शेवटच्या दिवशीसुद्धा ऐकलं नाही म्हातारीनं. गुडघे धरलेले, तरी तंबूला वळसा घालून मावळतीच्या अंगाला गेली. वारा तोंडावर, अर्धं दूध माझ्या बुटावर. म्हटलं, दारातनंच टाक की. तर म्हणे, दारासमोर कोण आहे माझं?"

महोदय, आपल्या तंबूचे दार दक्षिणेला असते हे आपण जाणताच. हनोई त्या दाराच्या अगदी समोर आहे. दारात उभे राहून तिने नुसता हात पुढे केला असता तरी पुरे होते.

भावाला हे मी अद्याप सांगितलेले नाही. प्रथम आपणांस कळवीत आहे.

५. सबब विनंती की, मला वॉर्साला पाठवावे. टपालाचे काम चालेल, दारावरचे चालेल. तीन वर्षे रोज सकाळी तिथे माझ्या नावाने काही येत राहिले आणि घ्यायला मी नव्हते. जागा रिकामी नसल्यास आठवड्याची रजा द्यावी. तेही नियमात बसत नसेल तर एक सकाळ द्यावी. मी तिथे उगवतीकडे तोंड करून उभी राहीन.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
आपली विनम्र,
दुगरीन सोलोंगो
प्रथम सचिव, हनोई
दि. ११ मार्च

सोबत : १. बढतीचा मूळ आदेश, परत.
२. आईच्या चमच्याचे छायाचित्र. चमचा माझ्याजवळ ठेवला आहे.