निळ्या शेळीचं कार्ड

धरमतर, ता. पेण
१२ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास,
धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. लावणी उरकली. आमच्या ह्यांचा गुडघा पुन्हा धरलाय, पण बांधावर जायचं काही सोडत नाहीत. आमचा जनू डोलवीला नव्या कंपनीच्या बांधकामावर ठेकेदाराकडे लागला. तोंडात सारखी शिफ्ट, घरी येतो तो अंघोळीपुरता.

अक्का, एक विचारायचं आहे. मागच्या कार्डावर मी मिठाच्या राशी काढल्या होत्या आणि तू लिहिलंस, भाताचं शेत फार गोड आलंय. त्याआधी होडी काढली, तर ती तुला घर वाटली. माझा हात बिघडला की काय? कार्डं अजून साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यांचीच करते. रंगही पेणच्या गणपतीच्या कारखान्यातले, उरलेसुरले. काशीबाईला आणि पनवेलच्या मंडळींना पाठवते, ते तर काही बोलत नाहीत. आणि तुझ्या पत्रात हल्ली सूनबाईचं अक्षर का असतं? या वेळी शेळी काढली आहे. नीट बघ आणि कशी वाटली ते कळव.

माया आहे तशी राहू दे.
तुझी,
सगुणा


अष्टमी, रोहा
२० ऑगस्ट १९९४

चि. सगुणास,
अक्काचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र आणि कार्ड एकदमच पोचलं. शेळी आपल्या माहेरच्या शेळीसारखी, पांढरीशुभ्र, आत्ता ओरडेल अशी. तुझा हात नाय गो बिघडला. माझा अंगठा दुखतो, म्हणून मी सांगते आणि मालू लिहिते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे, तेव्हा तक्रार नको. लेकाचं, दिनानाथचं, कामावर जाणं-येणं चालू आहे. मेव्हण्यांना म्हणावं, गुडघ्याला निगडीच्या पाल्याचा शेक द्या आणि बांध चार दिवस दुसऱ्याला बघू द्या.

लिहीत जा, विसरू नकोस.
तुझी अक्का

मावशी, मालूचा नमस्कार. वरचं सासूबाईंनी सांगितलं तसं लिहिलं. शेळी निळी आहे हे मी त्यांना बोलले नाही. त्यांनी कार्ड खिडकीशी नेऊन बराच वेळ धरलं होतं, ते उलटं. अंगठ्याला काही झालेलं नाही, भाकऱ्या थापतात. पण पूर्वी रोज पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात जायच्या, त्या आता उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. आम्ही विचारलं तर पाय दुखतात म्हणतात. तुम्ही विचारलंत तर खरं सांगतील असं वाटतं. हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही.


धरमतर
२७ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

शेळी निळी होती. मुद्दाम निळी रंगवली होती. मला शंका आली होती, ती खरी ठरली. हे पत्र मालू वाचून दाखवत असेल, म्हणून तिच्यादेखतच विचारते: तुला किती दिसतं? आणि कधीपासून? लपवलंस का, हे तू समोर आलीस की विचारीन, कारण कागदावर मला नीट भांडता येत नाही. दिनानाथला सांगून आधी डॉक्टर गाठ.

सोबतच्या कार्डाला रंग नाही. मिठाची रास खऱ्या मिठाची केली, बांध तुसाचा, दोन्ही खळीने चिकटवलं. हात फिरवून बघ.

राग आहे, पण त्याहून जीव जास्त आहे.
सगुणा


अष्टमी
१४ सप्टेंबर १९९४

चि. सगुणास,
आशीर्वाद.

डॉक्टर झाले. काचबिंदू म्हणतात. उजव्या डोळ्याचं गेलं ते येणार नाही. डाव्यात धुकं आहे, तेवढं थेंब घालून राखायचं. दिनानाथ घरी येऊन डॉक्टरांचा कागद मालूला तीनतीनदा वाचून दाखवत होता. असा घोर लावायचा नव्हता, म्हणून मी कोणाला सांगत नव्हते. तुला तर मुळीच नाही. दिसत नाही म्हटलं की तुझी कार्डं बंद होतील, असं वाटलं.

तुझं मीठ वाटेतच पाघळलं. काळुराम पोस्टमनची पिशवी ओली झाली, तो दारात उभा राहून मालूला किती वेळ ऐकवत होता. तूस कुठे गळलं देव जाणे. मी बोट चाटलं तेव्हा कळलं, मिठागर आहे.

पण सगुणा, मिठागर मी लहानपणापासून पाहिलं. ते मला पुन्हा कशाला दाखवतेस? मी न पाहिलेलं काढ. डोलवीला काय उभं राहतंय? खाली रुंद आहे की वर? माणसं चढतात कशी? घरात विचारलं तर सगळे म्हणतात, मोठं आहे. मोठं म्हणजे कसं?

उत्तराची वाट पाहते.
अक्का


धरमतर
२ ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे प्रश्न वाचून ध्यानात आलं, मी रोज लांबून पाहते पण मलाही धड सांगता येणार नाही. म्हणून जनूचा डबा घेऊन गेले. रखवालदाराने फाटकातच अडवलं, कोणाकडे काम आहे म्हणाला. म्हटलं, बघायला आले. यात बघण्यासारखं काय हाय, असं म्हणाला आणि मग तोच अर्धा तास सांगत बसला. त्याचं नाव गुणाजी, वाशीकडचा आहे.

खळीचा नाद सोडला. या वेळी पुठ्ठ्यावर सुईने टाके घातले आहेत. सुतळी म्हणजे लोखंडाचा मनोरा, बारीक दोरा म्हणजे शिडी, गाठी म्हणजे माणसं. वर आडवी सुतळी आहे ती यारी, तिने ओझं उचलतात. बोटं खालून वर ने.

थेंब चुकवू नकोस, एवढं ऐक.
सगुणा


अष्टमी
१२ ऑक्टोबर १९९४

चि. सगुणास,
आशीर्वाद.

दुपारभर कार्ड घेऊन बसले. आधी वाटलं, पोफळीचं झाड. मग शिडी लागली आणि शिडीच्या टोकाला गाठ. एवढ्या उंचावर माणूस आहे कळलं आणि बोट झटकन खाली आणलं. त्याची बायको घरात स्वस्थ बसते कशी? जनू तर चढत नाही ना? हे पहिलं कळव.

आता माझं कार्ड. सुई मालूने ओवून दिली, टाके माझे. ओळख बघू. डोळे मिटून, लबाडी न करता.
अक्का


धरमतर
२० ऑक्टोबर १९९४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

जनू खालीच असतो, काळजी नको. तुझं कार्ड घरभर फिरलं. डोळे मिटून मला फणी वाटली. हे म्हणाले, कुंपण हाय. जनू शिडी म्हणून अडून बसला. उभे टाके सारखे आहेत, मध्येच एक गाळलेला, आणि तिथे दोन गाठी शेजारी शेजारी. ते काय ते कोणाला उमगलं नाही. हरले. लवकर सांग, इथे रोज वाद होतोय.
सगुणा


अष्टमी
२८ ऑक्टोबर १९९४

चि. सगुणास,
आशीर्वाद.

तो आपला कुंडलिकेवरचा पूल आहे गो, पुलाचा कठडा. तुला पाठवायला काहीतरी हवं होतं. घरात बसून काय सापडणार? म्हणून मालूला म्हटलं, चल. पहिल्या दिवशी अर्ध्यातून परत आले, गाडी गेली की पूल हलतो. दुसऱ्या खेपेला कठडा धरून एकेक गज मोजत गेले. एका ठिकाणी गज तुटलाय, हात एकदम मोकळ्यावर गेला. मी ओरडलेच. मालूने मागून दंड धरला. त्या दोन गाठी आम्ही दोघी. हा पूल इतकी वर्षं ओलांडला, पण तिथला गज तुटलाय हे मला ठाऊक नव्हतं.

आता आठवड्याच्या बाजाराला जाते. मालू मागे असते, पण हात धरू देत नाही मी.

दिवाळीला येशील तेव्हा अष्टमीच्या थांब्यावर उतरू नकोस. पुलापलीकडे रोह्याच्या स्टँडवर उतर. मी न्यायला येते.

तुझी,
अक्का