मांजरांच्या घरासाठी कुत्रा

१२ जून

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, तूही असशील. पत्र कंपनीच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझं जहाज कुठल्या बंदराला कधी लागेल ते त्यांनाच ठाऊक. फोन तू उचलत नाहीस. दोन वर्षं झाली. तक्रार करत नाही.

तुझ्या भावोजींचं काम वाढलंय. नव्या इमारती, नव्या लिफ्टा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस घरीही दारं तपासत फिरतो, ते तू पाहिलंच आहेस. खालच्या खोलीतली माझी लाँड्री ठीक चालली आहे. दवाखान्याच्या चादरी येतात, लॉजचे टॉवेल येतात. ड्रायर हल्ली लावत नाही, दोऱ्यांवरच वाळवते. पावसाळी दिवसांत घरभर चादरी लटकतात. भावोजी परवा जेवताना म्हणाले, "लग्न माझ्याशी केलंस की दवाखान्याशी, एकदा सांगून टाक."

मावशी मांजर म्हातारी झाली. दिवसभर इस्त्रीच्या टेबलाखाली असते. एक नवं पिल्लूही आहे, काळंभोर, त्याचं नाव बटण.

आता मुद्दा. आम्हाला कुत्रा आणायचा आहे. इथे पत्र फाडू नकोस. बारकीसाठी आणायचा आहे.

ती आता नऊची झाली. तू आमच्याकडे ठेवलेल्या भोंग्याचं आणि आमच्या कापूसचं ते झालं तेव्हापासून तिला कुत्र्यांची भीती बसली आहे. तिच्या लेखी गोष्ट एवढीच आहे: घरात एक कुत्रा होता, एक मांजर होती, मांजर मेली. आधी ती रस्ता ओलांडून पलीकडून जायची. मग गल्ली बदलली. मग शाळेत एकटी जाईना. गेल्या महिन्यात एक पिल्लू शेपूट हलवत तिच्याकडे आलं. ती मागे मागे सरकत थेट रस्त्यात गेली. व्हॅनवाल्याने ब्रेक दाबला म्हणून. मी फाटकात उभी होते, हातात चादरींचं गाठोडं.

मुलांच्या मनाच्या डॉक्टर म्हणाल्या, घरात एक शांत कुत्रा आणा, तिने स्वतः निवडलेला. भीती घरातच आली तर ती ओळखीची होईल.

घरात दोन मांजरं असताना कुठला कुत्रा आणावा? काय बघावं? तुझ्याइतकं कुत्र्यांचं कळणारा दुसरा कोणी माझ्या माहितीत नाही. मला झोप लागत नाही.

भोंग्याबद्दल विचारू नकोस. आम्ही त्याला ज्या शेतावर पाठवला, तिथून तो पळून गेला हे मी तुला तेव्हाच सांगितलंय. त्यात नवीन काही नाही.

तुझी,
ताई


९ जुलै

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. अर्धंच पान, पण तुझं अक्षर दिसलं. भावोजींनी ते दोनदा वाचलं आणि "हा मुलगा तारेच्या जमान्यात जन्माला यायला हवा होता," म्हणाले. मी पत्र चादरींच्या कपाटात ठेवलंय.

तू लिहिल्याप्रमाणे सगळं केलं. मांजरं झोपतात तो टॉवेल घेऊन शेल्टरला गेलो, मी आणि बारकी. बसने पंधरा मिनिटं लागतात. तिथल्या बाई साठीच्या असतील. गमबूट घालतात आणि कुत्र्यांशी बोलतात त्याच सुरात माणसांशीही बोलतात. मी एवढे प्रश्न विचारले की त्या म्हणाल्या, "अहो, कुत्रा बघायला आलात की जावई?"

बारकी माझ्या मागे, माझ्या कुडत्याचं टोक मुठीत धरून.

बाईंची पद्धत तुझ्यासारखीच निघाली. आधी टॉवेल हुंगायला देतात. मग कुत्र्याला पट्ट्याने धरून जाळीसमोर आणतात. जाळीपलीकडे त्यांचं मांजर बसलेलं असतं, लठ्ठ आणि कशाचीच पर्वा नसलेलं. कुत्र्याने मांजराकडे बघितलं तर चालतं. हाक मारल्यावर मान वळवतो का, ते बघायचं.

पहिला पांढरा होता, एक कान काळा. दिसायला देखणा. जाळीसमोर आला आणि ताठ झाला. भुंकला नाही, गुरगुरला नाही. नुसता बघत राहिला. बाईंनी तीनदा हाक मारली. त्याची पापणी हलली नाही. "हा नको," त्या म्हणाल्या. "भुंकणारा काहीतरी सांगत असतो. हा काहीच सांगत नाहीये." तूही हेच लिहिलंस.

दुसरं पिल्लू. त्याने टॉवेलच फाडला. "वाईट नाही हो, पोर आहे," बाई म्हणाल्या. "पण याचा खेळ व्हायचा आणि तुमचं मांजर मरायचं."

तिसरी म्हातारी, एका डोळ्यात पांढरट ढग. तिने मांजराकडे बघितलं, जांभई दिली आणि पाय पसरून बसली. "या आमच्या निवृत्त हेडमास्तरीणबाई," बाई म्हणाल्या. तेव्हा बारकीच्या तोंडून हसू निसटलं. तिची मूठही जरा सैल झाली, मला कळलं.

बहुतेक हीच आणू. बाई म्हणाल्या, रविवारी घेऊन जा.

शेवटच्या रांगेत अजून एक-दोन पिंजरे होते. तिकडे गेलो नाही. बारकी दमली होती.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, त्या दिवशी भोंग्या भुंकला होता का. इतक्या दिवसांचं आता नीट आठवत नाही. कामाची गडबड होती. मशीनच्या आवाजात काय ऐकू येतं?

जपून राहा. समुद्र तुला सवयीचा असला तरी जप.

तुझी,
ताई


११ जुलै

छोट्या,

बारकी दमली नव्हती.

परवाचं पत्र टपालात गेलं. ते आणि हे तुला बहुधा एकत्रच मिळतील. तू आधी कुठलं उघडशील कोण जाणे.

आम्ही शेवटच्या रांगेत गेलो होतो. मी बाईंना विचारत होते की हेडमास्तरीणबाई काय खातात. माझा आवाज ऐकून शेवटच्या पिंजऱ्यात कोणीतरी उठून उभं राहिलं. भोंग्या.

तो शेतावर कधी गेलाच नव्हता. शेत नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला तिथे सोडला. तेव्हा टेबलाशी दुसरा माणूस होता, बाईंनी मला पाहिलं नव्हतं. फॉर्मवर मालक म्हणून मी माझं नाव लिहिलं. सोडण्याचं कारण या रकान्यात लिहिलं: मांजर मारलं. तू सुट्टीवर आलास, शेताचा पत्ता मागितलास, मी म्हटलं हरवला. तू चहासुद्धा न घेता गेलास. तेव्हा तो आपल्या घरापासून पंधरा मिनिटांवर होता.

वाळलाय. तोंडावरचे केस पांढरे झालेत. पिंजऱ्यावर लाल पाटी आहे: मांजर मारलेला. मांजरं असलेल्या घरी देऊ नये.

तो भुंकला नाही. तू ज्याचं नाव त्याच्या आवाजावरून ठेवलंस, तो उभा राहून माझ्याकडे नुसता बघत होता. शेपूट एकदा हलली, मग थांबली. मला वाटलं, आता हा सगळं सांगणार. हसू नकोस. खरंच वाटलं.

बारकी माझ्या पाठीला चिकटली. "आई, हा तोच. आई, त्यांना सांग दार उघडू नका."

बाई म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. याचं नाव खराब आहे, हा खराब नाही. दहा वेळा परीक्षा घेतली मी याची. आमचं मांजर याच्या पोटाशी झोपतं. पण लेखी आलंय, मी काय करू? ज्यांनी लिहिलं त्यांनीच खोडायला हवं. ते कशाला येतात!" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही ओळखता का याला?"

मी म्हटलं, "नाही."

बारकीने ते ऐकलं.

बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "आई, तूपण त्याला घाबरतेस?"

मी म्हटलं, "हो."

दोन वर्षांत मी तिच्याशी त्या कुत्र्याबद्दल बोललेलं हे एवढंच खरं आहे.

आता तुझा प्रश्न. भुंकला होता. खूप भुंकला होता.

दवाखान्याच्या चादरी त्या दिवशी दुपारपर्यंत द्यायच्या होत्या. मी एक खेप काढली, दुसरी भरली. मध्ये फोन घ्यायला गेले, तेवढा वेळ ड्रायरचं दार उघडं होतं. आत ऊब होती. कापूस पांढरी, चादरी पांढऱ्या. भावोजींनी त्या दारावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: आधी आत बघ. मी बघितलं नाही. दार लावलं आणि मशीन सुरू केलं.

भोंग्या धावत आला. मशीनसमोर उभा राहून भुंकायला लागला. मग पंजे मारायला लागला. मी ओरडले. त्याने माझा ॲप्रन दातांत धरला आणि ओढला, चावला नाही, ओढला. मी झाडू घेतला. छोट्या, मी त्याला मारलं. दोनदा. त्याला मागच्या अंगणात ढकलून कडी घातली. तो दारापलीकडून भुंकत राहिला. चाळीस मिनिटं. शेजारीणबाई गॅलरीतून म्हणाल्या, "आज काय सभा आहे का याची?" मी हसले. हसले, हे लिहून ठेवते.

मशीन बंद झालं तेव्हा तोही गप्प झाला.

पुढचं लिहीत नाही. मी तिला टॉवेलात घेऊन अंगणात गेले, पुरायला. इतक्यात बारकीची हाक आली, शाळा लवकर सुटली होती. मी कापूसला जमिनीवर ठेवलं आणि हात धुवायला वळले. बारकी मागच्या दाराशी आली तेव्हा भोंग्या कापूसशेजारी बसून तिचं तोंड चाटत होता.

बारकीने विचारलं, "यानं मारलं?"

मला नुसतं हो म्हणायचं होतं. म्हटलं.

तेव्हा वाटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे. संध्याकाळी यांना सांगू, मग तिला सांगू. संध्याकाळी बारकीने त्यांना सगळं सांगूनही टाकलं होतं, तिने पाहिलेलं, रडत, हातवारे करून. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, मशीनमध्ये गेली की काय." त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. त्यानंतर माझी जीभ उचलली नाही. तुला शेल्टरचं सांगितलं असतं तर तू भोंग्याला न्यायला आला असतास आणि तो फॉर्म पाहिला असतास. म्हणून शेत.

हेडमास्तरीणबाई चांगल्या आहेत. रविवारी त्यांना आणलं असतं, बारकी हळूहळू सावरली असती, आणि कोणाला काही कळलं नसतं. दोन दिवस मी याच विचाराने चादरींच्या घड्या घातल्या. पण त्या व्हॅनसमोर बारकीला पिल्लाने ढकललं नव्हतं. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी तुला कुत्र्यांबद्दल सल्ला मागितला.

शेल्टरसाठी कागद लिहून ठेवलाय. उद्या बाईंच्या हातात देईन. लाल पाटी निघेल, ती तुझ्या उत्तराची वाट बघणार नाही. भोंग्याने कुठे राहायचं ते मात्र तू ठरव. तो तुझा आहे. तू म्हणालास की त्याला माझ्या घरात पाऊल टाकू देऊ नको, तर मी तू सांगशील तिथे पोचवेन. इथे आणायचा म्हटलास तर आणेन. तो माझ्याजवळ येईल का, ठाऊक नाही.

यांना सकाळी सांगितलं. त्यांनी ड्रायरची वायर भिंतीतून काढली, गुंडाळली, आणि कामाला गेले. डबा इथेच राहिला.

राहिली बारकी. तिला सांगायचं म्हटलं की मी पुन्हा चादरींच्या घड्या घालायला लागते. रस्त्यावरच्या कुठल्याही कुत्र्याला ती आता घाबरणार नाही, असं कदाचित होईल. मग ती घरी येताना घाबरेल. मी हाक मारली तर मागे सरकेल. तिने विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. यापुढे तिने काहीही विचारलं, बरं वाटेल का, दुखेल का, तू येशील ना, तर माझ्या होचं ती काय करेल?

आत्ता ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "कोणाला लिहितेस?"

"मामाला."

"भोंग्या तिथे आहे ते सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "बस. सांगते."

ती समोर स्टूल ओढून बसली आहे. बटण तिच्या मांडीवर आहे. ती माझ्या पेनाकडे बघते आहे, ते थांबायची वाट बघत.

थांबते.

अजून म्हणावंसं वाटलं तर,
तुझी ताई