गाडी तापेपर्यंत

१२ नोव्हेंबर, बुधवार
आज परत उशीर. लॅब साडेसातला उघडते, मी पोचले पावणेआठला. रक्त द्यायला आलेले सहा जण उपाशीपोटी बाकावर. एक आजी म्हणाल्याच, "चा पिऊन इलंस मा तू? आमी हय उपाशी." सरांनी फक्त घड्याळाकडे बघितलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

कारण सांगायची सोय नाही. माझे सासरे गाडी तापवतात. रोज दहा मिनिटं! माझा नवरा सुहास बोटीवर नोकरीला गेल्यापासून त्याची मोटारसायकल मी चालवते. मी केस विंचरेपर्यंत बाबा अंगणात ती चालू करून शेजारी उभे. इंजिनला हात लावून बघतात, मान हलवतात, अजून नाही.
"बाबा, माका उशीर होता."
"होवंदे. थंड इंजिनाक ताण दिलंस तर भर समुद्रात बंद पडतला."
कसला समुद्र! आमच्या हडीहून कोळंबचा पूल ओलांडून मालवणला जायचं, बस.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
बाबा तीस वर्षं ट्रॉलरवर इंजिन ड्रायव्हर होते. इंजिन नीट तापल्याशिवाय धक्क्याचा दोर सोडायचा नाही, हा तिथला नियम. तोच आमच्या अंगणात लागू. मी फोंड्याची, डोंगराकडची. मला काय कळणार इंजिनातलं, असं त्यांचं म्हणणं.

मे महिन्यात हार्टचं झालं, डॉक्टरांनी समुद्र बंद केला. तेव्हापासून अंगणाबाहेर पाऊल नाही. बंदराचं नाव काढलं की उठून आत. दिवसभर पडवीत खुर्चीवर. काही विचारा, "हां" नाही तर "नाय". डॉक्टर म्हणाले होते, हृदय ठीक आहे, पण माणसाला असं बसू देऊ नका. सु. रोज बोटीवरून विचारतो, कसे आहेत. बसलेत, एवढंच कळवते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
ऑईल बदलायला इम्तियाजभाईंच्या गॅरेजवर. सहज विचारलं, किती वेळ तापवायची?
"वैनी, ह्या नव्या गाडयेक तीस सेकंद बस्स. लय थंडी असली तर एक मिनिट. मगे पयले दोन किलोमीटर सावकाश चालवा."
दहा मिनिटं म्हटल्यावर हसले. "कोणी सांगल्यान? ट्रॉलरवाल्यान मा? अवो, तां डिझेलचा धूड!"
मी मोबाईल काढला आणि त्यांना परत बोलायला लावलं. रेकॉर्ड केलं. पुरावा असलेला बरा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी गाडी बंद करून बाबांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज पूर्ण मोठा. ट्रॉलरवाल्यान, धूड, हसणं, सगळं अंगणभर घुमलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
"तीस सेकंद?"
"होय बाबा."
"बरा."
आत गेले. मी सात पंचवीसला लॅबमध्ये हजर! सरांना गुड मॉर्निंग म्हटलं, मुद्दाम मोठ्याने.

२० नोव्हेंबर, गुरुवार
तीन दिवस वेळेवर. बाबा सकाळी अंगणात येत नाहीत. गाडी मीच काढते, तीस मोजते, निघते. परत येईपर्यंत ते खुर्चीत तसेच. आज "हां"सुद्धा नाही. भाकरी अर्धी टाकली.

२३ नोव्हेंबर, रविवार
कपडे पिळताना एकदम डोक्यात आलं. बाबा बोलायचे कधी? गाडी चालू असताना. तेवढंच. तेव्हा मात्र धबधबा. मी घड्याळ बघत अर्धं ऐकायचे. आठवतंय तेवढं लिहून ठेवते —
सु. लहानपणी ट्रॉलरवर गेला की इंजिनशेजारी गाढ झोपायचा, इंजिन बंद केलं की रडत उठायचा.
सासूबाईंना डिझेलचा वास चालायचा नाही. बाबा घरी आले की आधी विहिरीवर, मग जेवण.
जाळं भरलं की इंजिनाचा आवाज जड होतो, वर न बघताच कळतं...
एकदा म्हणाले होते, "शांत असला की माका माझोच आवाज नको वाटता." तेव्हा मी हेल्मेट शोधत होते.
तीस वर्षं ज्याने इंजिनावरून ओरडूनच बोलायचं, त्याला पडवीत कुजबुजायला कसं जमणार? दिवसातली तेवढीच दहा मिनिटं बोलायची होती आणि मी ती काढून घेतली. आपण किती शहाणे! खूप वाईट वाटतंय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
वीस मिनिटं लवकर उठले. गाडी चालू करून नुसती उभी राहिले. पाच मिनिटांनी आतून, "बंद कर गो, पेट्रोल जळता!"
"बाबा, कायतरी खडखडता. बघा मा जरा."
आले. हात लावला, कान दिला. "काय खडखडत नाय. तुका खोटा बोलूक येणा नाय."
आणि आत.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
चहा देताना बोलून टाकलं. "बाबा, माझा चुकला. तुमका तसा ऐकवूक नको होता."
त्यांनी कप खाली ठेवला. "इम्तियाज खरा सांगता. मीच खुळो, ट्रॉलरचो नियम गाडयेक लावलंय. आता माका इंजिनातला काय कळता?"
मी स्वयंपाकघरात येऊन रडले.

२ डिसेंबर, मंगळवार
(लॅबमध्येच लिहितेय, गर्दी ओसरली.)
सकाळी गाडी काढली तर बाबा पडवीच्या पायरीवर. पँट-शर्ट, केसांना तेल, हातात सु.चं हेल्मेट.
"माका बंदरार सोड."
मी लगेच गाडीवर बसले. कुठे परत आत गेले तर? सून पुढे, सासरा मागे. शेजारची काकू झाडू धरून उभीच राहिली.

रस्त्याला लागलो आणि माझ्या कानामागे बोलणं सुरू झालं. हडीपासून थेट मालवणपर्यंत. वारा आणि हेल्मेट, मला निम्मं कळलं नाही. मी जमेल तशी मान हलवत होते आणि गाडी चाळीसच्या वर नेत नव्हते.

धक्क्यावर दोन ट्रॉलर चालू होते. बाबा उतरले, माझ्या हेल्मेटवर दोनदा थोपटलं आणि आवाजाच्या दिशेने चालत गेले. "दोन वाजता येतंय, हयच थांबा," मी ओरडले. वळले नाहीत. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. त्यांनी फोन घरीच ठेवलाय. कुणी म्हटलं, ये रे जरा इंजिन बघ, तर हा माणूस ट्रॉलरवर चढायला मागेपुढे बघणार नाही.
थांबवायला हवं होतं का? सु.ला अजून कळवलं नाही.
पावणेदोन झाले. निघते.