ताप उतरण्यापूर्वी तपासणी होण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कर्करोग रुग्णालय, मुख्य इमारत, तिसरा मजला.

विषय : माझ्या पत्नीची, अंगात ताप असतानाच, आज दुपारी एकपूर्वी तपासणी होण्याबाबत.
संदर्भ : विषाणू-उपचार विभागाचे कालचे पत्र.

महोदय,

सविनय निवेदन की, मी निवृत्त मुद्रितशोधक असून हा अर्ज आपल्या रुग्णालयाच्या फाटकाबाहेरील बाकावर बसून लिहीत आहे. शेजारी पत्नी शाल पांघरून बसली आहे. तिला १०१.८ ताप आहे आणि तो इतक्यात उतरू नये, अशी माझी इच्छा आहे. हे वाक्य विक्षिप्त वाटेल, म्हणून क्रमाने निवेदन करतो.

१. पत्नीच्या दंडावर व मानेवर त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी आहेत. प्रयोगशाळेत घडवलेला, निरोगी पेशींना उपद्रव देण्याची शक्ती काढून घेतलेला विषाणू आपल्या विभागात तिच्या दंडाच्या गाठीत सुईने सोडला जातो. तो कर्कपेशींत वाढून त्या फोडतो. परंतु मुख्य कार्य त्यापुढचे, असे डॉक्टरबाईंनी आम्हांस समजावले होते. त्या म्हणाल्या, "आजोबा, विषाणू फक्त दार फोडतो. चोराचा चेहरा ओळखून त्याला अंगभर हुडकायचं काम आजींच्या प्रतिकारशक्तीचं. ताप आला तर घाबरू नका, पहारेकरी जागे झाले समजा."

२. सुईच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एकपूर्वी तपासणीस येणे बंधनकारक आहे. पहिल्या खेपेस फाटकावरील रक्षकाने पत्नीच्या कपाळासमोर यंत्र धरले आणि तो म्हणाला, "शंभराच्या वर आत सोडत नाही. ताप घरी ठेवून या, आजोबा." आतील दुर्बल रुग्णांच्या रक्षणासाठी हा नियम आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. मी पत्नीस तापाची गोळी दिली, नळावर रुमाल भिजवून तासभर कपाळावर ठेवला आणि पारा नव्व्याण्णववर आणून तिला आत नेले. दुसऱ्या खेपेस हा सर्व विधी घरूनच उरकून निघालो.

३. येथे माझ्या हातून अपराध घडला. विभागास दाखवायच्या घरच्या नोंदवहीत १०२ होते आणि फाटकावर मिळालेल्या प्रवेशाच्या चिठ्ठीत 'ताप नाही'. दोन कागदांत विसंगती राहू देणे मला चाळीस वर्षांत जमलेले नाही. दोन्ही खेपांस मी नोंदवहीतील आकडा खोडून तो चिठ्ठीशी जुळवला. पत्नी तेव्हाच म्हणाली, "अहो, ताप मला आलाय, चिठ्ठीला नाही!" मी तिचे ऐकले नाही.

४. परिणामी काल पत्र मिळाले की, दोन्ही वेळा शरीराने प्रतिसाद दिल्याची लक्षणे नोंदलेली नाहीत. तिसऱ्या सुईनंतरही ती न आढळल्यास उपचार थांबवण्यात येतील. तिसरी सुई कालच झाली. म्हणून आज गोळी दिलेली नाही, रुमालही भिजवलेला नाही. आणि म्हणूनच आम्ही फाटकाबाहेर आहोत. ताप असेल तर आत जाता येत नाही, आत जाता आले तर ताप उरत नाही. डॉक्टरबाई आज रजेवर आहेत. विभागात दूरध्वनी केला असता उत्तर मिळाले, "पेशंट समोर आणा, मग बघू."

५. दंडाची गाठ सध्या सुजून मोठी दिसते आणि विभागाच्या तक्त्यात तीच मोजली जाते. मानेवरील गाठीस सुई कधीच टोचलेली नाही. ती महिन्यापूर्वी बोराएवढी होती, आज हरभऱ्याएवढी आहे. पहारेकरी तेथवर पोहोचले असावेत, असे माझे अल्पबुद्धीचे अनुमान आहे. कृपया जाणकारांनी ती गाठ एकदा चाचपून पाहावी.

६. मागील परिच्छेद लिहून होताच पुन्हा ताप मोजला. १००.९. काहीही न देता तो आपोआप उतरू लागला आहे. रक्षक आम्हांस धीर देत आहे, "झालंच की, आजोबा! अजून थोडं थांबा, मग मीच सोडतो आत." तो मनाने चांगला आहे, म्हणूनच मला अधिक भीती वाटते.

नियम बदलण्यास अवधी लागतो, हे मी जाणतो. तीन मजले उतरण्यास तितका लागू नये. आपण स्वतः, अथवा आपल्या आज्ञेने कोणी, थर्मामीटर व कोरा कागद घेऊन तत्काळ फाटकाशी यावे आणि दिसेल तो आकडा स्वहस्ते लिहावा. माझ्या हातची नोंद यापुढे प्रमाण मानू नये.

फाटकाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
रुग्णाचा पती

दिनांक : १२ मार्च, सकाळी ११.४०
सोबत : खाडाखोड केलेली नोंदवही, एक.