लाल ठिपक्याखालचा एकशेवीस

३ फेब्रुवारी, सोमवार

पार्सल आलं. बावीस किलो! दारापासून मागच्या खोलीपर्यंत नेईतो कंबर धरली. पूर्वी हाच अँप्लिफायर मी एका हाताने उचलून गाडीत ठेवायचो — निदान ही तसं सांगते. ही म्हणजे बायको. वहीला ते ठाऊक आहे म्हणा, चाळीस वर्षं तसंच लिहितो आहे.

सोबत कंपनीच्या इंजिनिअर बाईंची चिठ्ठी. "सर, तुमचा गिटारचा अँप्लिफायर आम्ही नव्याने बनवतोय. अ, ब, क, ड या चार आवृत्त्यांच्या सर्किटमध्ये नेमकं काय बदलत गेलं, ते तुमच्याच हाताने लिहून हवंय. एका वादकाकडून जुना ड मिळाला, तो पाठवतेय. ताडून बघा."

वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रॉइंगची गुंडाळी माळ्यावरून काढली. धूळ नाकात गेली, शिंकून शिंकून बेजार. पण उलगडली आणि सगळी खोली परत आली! भिंतीकडच्या टेबलावर मी. खिडकीकडच्या टेबलावर ही — बोर्डावर वायरी लावत, चष्मा नाकाच्या टोकावर, ओठात सोल्डरची तार. मध्ये उलट्या खोक्यावर मेव्हणा, मांडीवर गिटार. दिवसभर तेच चार ठोके. वरच्या मजल्यावरच्या बाई काठी आपटायच्या, आणि हा त्या काठीच्या तालावर वाजवायला लागायचा. नालायक! काय दिवस होते.

पहिला नमुना मी बनवायचो, मी ऐकायचो, मी पास करायचो. तो इथेच राहायचा. मग त्याबरहुकूम बाकीचे ही बांधायची. मेव्हणा वाजवून बघायचा आणि माल बाहेर. मी फक्त व्होल्टेज तपासायचो.

अ मध्ये तीन व्हॉल्व्हचा पुढचा भाग. ब मध्ये एक वाढवला. क मध्ये तिसऱ्या टप्प्याचा रेझिस्टर दहा हजार ओहमवरून एकोणचाळीस हजारावर नेला, म्हणजे तो टप्पा सूर अर्धा कापून पुढे ढकलतो — तो गुरगुराट तिथून आला. ड मध्ये पॉवर सप्लाय तगडा केला. पण खरी गंमत गेनच्या पॉटवर, म्हणजे आवाजाचा जोर वाढवायच्या बटणावर. त्याच्यावर आडवा टाकलेला एक चिमुकला कपॅसिटर. तीक्ष्ण सूर त्यातून थेट पुढे पळतात. आकडा जितका मोठा तितका आवाज धारदार. अ मध्ये १२० पिकोफॅरड, ब मध्ये २२०, क मध्ये ४७०, ड मध्ये १०००. दर वेळी कान लावून, तासन्‌तास बसून ठरवलेला. ह्या आकड्यांना मी जिवापाड जपलं.

एका मासिकाचं कात्रण ड्रॉइंगला टाचलेलं सापडलं. "आवृत्तीगणिक गेन वाढत गेला, पण आवाज कानाला कधी टोचला नाही. बनवणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळत होतं." तीनदा वाचलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मीटर पुन्हा बिघडला. दोन टोकं जुळवली की टीं वाजायला हवं. आकडा दाखवतो, वाजत नाही. हा चौथा! आधीचे तीन ड्रॉवरमध्ये पडलेत. हल्लीच्या मालात दम नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मागचं झाकण उघडलं. आधी मोठे कपॅसिटर रिकामे केले — म्हातारपणी विजेचा झटका नको. आत हिचं काम! बघत बसलो. वायरी कशा आखून दिल्यासारख्या. आणि प्रत्येक जोडावर लाल ठिपका. जोड तपासला की ही त्यावर नेलपॉलिशचा थेंब द्यायची. बाटल्यांवर बाटल्या संपल्या आमच्याकडे, नखाला एकदाही लागलं नाही.

मग भिंग घेऊन गेनच्या पॉटकडे गेलो. १०००च्या जागी १२०.

आधी वाटलं, कुणी तरी शिकाऊ मेकॅनिकने हात मारला. माझ्या ड ची वाट लावली! पण ठिपका अखंड आहे. कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर, एक भेगही नाही. पॉलिश फोडल्याशिवाय जोड सुटत नाही. म्हणजे हा कपॅसिटर ह्याच खोलीतून, असाच बाहेर पडला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नीट जेवलो नाही. हिने विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

इंजिनिअर बाईंना फोन करून बाकीच्यांचे फोटो मागवले. दोन ब, तीन क, आणखी एक ड. सगळ्यांत १२०. सगळ्यांवर लाल ठिपका. चुकून एकदा होईल, दोनदा होईल. इतक्या वेळा चूक होत नाही.

माझ्या पाठीमागे! त्याच खोलीत, माझ्याकडे पाठ करून, वर्षानुवर्षं! आणि मी इथे वहीत काय लिहायचो — "क चा आवाज आज जमला, ४७० अगदी नेमका." जुन्या पानावर अजून आहे. दुनियेत एकाही वादकाने माझा ४७० ऐकलेला नाही. त्या मासिकवाल्याने सुद्धा नाही. कुठे थांबायचं ते कळणारा मी नव्हतोच.

डोकं फिरलं आहे. आज विचारत नाही. आज विचारलं तर भलतंच बोलेन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं. ही कपडे वाळत घालत होती. फोटो समोर धरला. बघितलं, चिमटा ओठातून काढला आणि म्हणाली, "सापडलं का शेवटी."

घाबरली नाही, काही नाही! मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. तिने हातातला टॉवेल झटकून दोरीवर टाकला. मग म्हणाली —

"ब चा तुमचा नमुना ऐकलात तेव्हा मी इथेच होते. भाऊ दोन मिनिटं वाजवून कान चोळत बसला. मी म्हटलं, अहो, फार किरकिरतंय. तुम्ही काय म्हणालात? तुझे कान नाजूक आहेत."

"मग परत सांगायचंस!"

"सांगितलं. क च्या वेळी. म्हटलं, एकदा कान दाखवून या. तुम्ही इस्त्री फिरवावी तसा चेहरा सपाट केलात. म्हणालात, कान गेले असतील तर हे टेबल विकून टाकतो. आठ दिवस मागच्या खोलीत पाऊल ठेवलं नव्हतंत. आठवतंय?"

आठवतंय. मला वाटायचं, तेव्हा मला ताप होता.

"मग मूग गिळून बसले," ही म्हणाली. "तुम्ही कागदावर काढा. तुमचा नमुना तुमच्याजवळ. मी कानाला बरं लागेल तसं लावते. कुणाचं काय बिघडलं?"

उरलेले कपडे मी वाळत घातले. सगळे वेडेवाकडे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेव्हण्याला फोन. "भावोजी, मला काय विचारता, मी ताई सांगेल तसं वाजवलं." मग म्हणाला, "तुमचा तो ड चा नमुना वाजवला की माझी दाढ ठणकायची हो."

हसू आलं. फोन ठेवल्यावर रडूही आलं. ह्या वयात!

१५ फेब्रुवारी, शनिवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबा. मी सावध बसलो. इतका सावध की घाम फुटला. बराच वेळ काहीच येईना, म्हटलं यंत्र बंद पडलं असेल. काचेतून बघितलं तर बाई एकामागून एक बटणं दाबतायत.

आलेख हातात दिला. डावीकडे रेघ बरी, मग उतरत उतरत थेट खड्ड्यात. "हे आजचं नाही," म्हणाल्या. "पंचवीस-तीस वर्षांपासून हळूहळू गेलंय. मोठ्या आवाजाजवळ काम करायचात का?" मी म्हटलं, मोठा आवाज हेच काम होतं.

घरी येऊन आलेख ड्रॉइंगशेजारी ठेवला. १२०, २२०, ४७०, १०००. माझे तीक्ष्ण सूर जसजसे गेले, तसतसा मी आकडा वाढवत गेलो. मला वाटत होतं मी अँप्लिफायर सुधारतोय! चार आवृत्त्या म्हणजे माझ्या बहिरेपणाचं दप्तर निघालं. आणि जगाला त्याचा पत्ता लागला नाही तो एका बाईच्या नेलपॉलिशमुळे.

रागवायला बसलो. राग येईना.

१ मार्च, शनिवार

कानात यंत्रं बसवली. पहिल्यांदा कळलं, कागदाला आवाज असतो. ही पान उलटत होती, मी दचकलो.

मागच्या खोलीत गेलो. मीटरची टोकं जुळवली. टीं!

ड्रॉवर उघडला. पहिला मीटर — टीं. दुसरा — टीं. तिसऱ्याची बॅटरी संपली होती, घातली — टीं. चारही चांगले! दुकानदाराशी भांडलो होतो मी, त्याच्यासमोर आपटला होता एक. चारही टेबलावर ओळीने मांडले आणि वाजवत बसलो. ही दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "काय चाललंय?" म्हटलं, "माफी मागतोय."

२ मार्च, रविवार

कंपनीला यादी लिहिली. व्हॉल्व्ह, रेझिस्टर, सप्लाय, सगळं ड्रॉइंगप्रमाणे. गेनच्या पॉटपाशी लिहिलं — "चारही आवृत्त्यांत १२०. ड्रॉइंगमधले आकडे चुकीचे आहेत, बांधलेले बरोबर. आवाज बांधणारीने ठरवला. नव्या अँप्लिफायरच्या पाटीवर तिचं नाव हवं. शेवटचा नमुना तिनेच ऐकून पास करायचा."

वाचून दाखवलं. ही म्हणाली, "काहीतरीच!" आणि आत गेली. पण आतून गुणगुणणं ऐकू आलं. किती वर्षांनी ऐकलं.

९ मार्च, रविवार

दारावरची बेल इतकी किरकिरी आहे हे मला माहीतच नव्हतं. दोनदा वाजली. ही वाचत बसली होती, हलली नाही. मीच गेलो. आता दार उघडायची पाळी माझी असं ठरवलेलं दिसतंय!

१६ मार्च, रविवार

इंजिनिअर बाई नवा नमुना घेऊन आल्या. वाटलं होतं कुणी दांडगी बाई असेल, मुलगी तर आमच्या भाचीएवढी. गिटार स्वतःच वाजवते. उलटं खोकं पुढे केलं, त्यावर बसली. ही खिडकीकडच्या टेबलाशी, चष्मा नाकाच्या टोकावर. मी भिंतीकडे. व्हॉल्व्ह तापले, तांबूस उजेड पडला. फक्त वरून काठी आपटायची बाकी होती.

मुलगी वाजवत होती, ही डोळे मिटून ऐकत होती. ऐकून म्हणाली, "दबल्यासारखा वाटतोय. आमचा मोकळा होता. १२० काढून २२० लावून बघा."

मला काय कळणार! कानातल्या यंत्रावर मी कशाला पैज लावू. २२० लावला. हिचा चेहरा उजळला. "आता आला!" मुलीने वाजवता वाजवता खोकं जरा मागे सरकवलं, एवढंच.

ती गेल्यावर आवाजाची रेघ दाखवणारा ऑसिलोस्कोप काढला. जुना ड आणि नवा, दोन्ही शेजारी. १२०ला दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. २२०ला नाही.

ही स्वयंपाकघरात होती. सांगायला गेलो. "काय झालं?" म्हणाली — इतकी खुशीत होती. पाणी पिऊन परत आलो.

१७ मार्च, सोमवार

सकाळी ही चष्मा लावून बसली, नवे जोड तपासायला. मीटरची टोकं जुळवली. पुन्हा जुळवली. म्हणाली, "अहो, मीटर बिघडला वाटतं. वाजत नाही."

मीटर वाजत होता.

"हल्लीच्या मालात दम नाही," मी म्हटलं.

ही आत गेल्यावर २२० काढला, १२० लावला. वर लाल ठिपका दिला.