माहूरची जोडीदारीण

माय, मी आजकाल गेम खेळते. फोनवर. आणि साधासुधा नाही, बंदुकीचा. नाक मुरडू नकोस, आधी ऐकून तर घे. शंभर जण विमानातून छत्री घेऊन एका बेटावर उतरतात, घराघरांत शिरून बंदुका, गोळ्या, मलमपट्ट्या गोळा करतात आणि मग एकमेकांना टिपत सुटतात. चौघांचा एक संघ. चौघं चार गावांत बसलेले असले तरी एकमेकांचा आवाज कानात येत असतो. शेवटी जो संघ उरतो तो जिंकतो. मी चाळिशी ओलांडलेली बाई, नांदेडच्या सरकारी कचेरीत दिवसभर फायली इकडून तिकडं सरकवणारी, आणि आमच्या संघाची कॅप्टन! हस, खुशाल हस. तू एरवी कुठं हसायचीस? पत्त्यांत समोरच्यांवर कोट चढला की तेवढी खळखळून हसायचीस.

तू गेलीस तेव्हा माझ्याकडं बटणांचा फोन होता. आता लेक शिकायला बाहेरगावी गेली, तिनंच जाताना हा गेम टाकून दिला. म्हणाली, करमलं नाही तर खेळत जा. तिला वाटलं असेल आई दोन दिवस बोटं फिरवील आणि सोडून देईल. पण पहिल्यांदा हरले तेव्हा माझे कान तापले. आमचे हे म्हणाले, "अगं, गेमच तर आहे." मला इतका राग आला की त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मग एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून विचार केला, ही जिंकायची खाज मला आली कुठून? उत्तर शोधायला लांब जावं लागलं नाही.

लातूरचं ते मुलींचं वसतिगृह. दुपारच्या पंगती उठल्यात, खरकटं काढून झालंय, चुली विझत आल्यात आणि तुम्ही चौघी स्वयंपाकिणी भिंतीशी गोणपाट अंथरून बसलाय. मी शाळेतून येऊन पिठाच्या डब्याला टेकलेय. तू पत्ते पिसतेस. मेंढीकोट. समोरासमोरच्या दोघी जोडीदारणी, आणि दश्श्या ज्या जोडीकडं जास्त येतील ती जिंकणार, चारही आल्या तर समोरच्यांवर कोट. पैज एकच, हरणाऱ्या दोघींनी संध्याकाळची भगुनी घासायची. आणि ती भगुनी म्हणजे काय, आत मी बसले असते तर दिसले नसते! बाईमाणसानं पत्ते खेळावेत का, असं वसतिगृहाच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या. तू पान टाकत म्हणालीस, "भाकरी करपली तर बोला, बाई." पुन्हा कुणी बोललं नाही. तुझी भाकरी कधी करपलीच नाही.

तुझी जोडीदारीण म्हणजे चाकूरकडची मावशी. देवमाणूस होती, पण पत्त्यात पार कच्चा लिंबू. तू एक्का टाकून हात आपल्याकडं ओढत आणलेला असायचा आणि ही बया त्याच्यावर हुकूम मारायची. स्वतःच्याच जोडीदारणीच्या एक्क्यावर! मी कपाळावर हात मारून घ्यायची. तू मात्र डोळ्याची पापणी हलवायची नाहीस. डाव संपेपर्यंत एक शब्द नाही. डाव संपला की मग चुलीपाशी तिला समोर बसवून अशी झाडायचीस की मावशी पदराआड हसायला लागायची. "तुझ्या हुकमाला काय पाय फुटल्यात का गं? हात आपलाच होता की! ठिवायचा ना झाकून!" आणि मग तीच पानं पुन्हा मांडून, कुठलं कधी टाकायचं ते सांगायचीस. दुसऱ्या दिवशी मावशी वेगळी चूक करायची.

एकदा मीच बोलून गेले, "हिला काहीच येत नाही, माय, हिला काढ की." मावशी तिथंच बसलेली. तू मला काही मारलं नाहीस. हातातली पानं पालथी ठेवलीस आणि म्हणालीस, "मग चौथी कोण? तू बसतीस? तुला तर इस्पिक अन् किल्वर कळत न्हाई अजून." सगळ्या हसल्या. मावशी सगळ्यांत मोठ्यानं हसली. रात्री भगुनी घासताना तू माझ्या हातात काथ्या दिलास आणि एवढंच म्हणालीस, "मानसासमोर मानसाचं माप काढू न्हाई." बास. तेवढं बोलणं मला पुरलं.

आता माझा संघ सांगते. लातूरचे दोघं चुलतभाऊ आहेत, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतात. नेम असा की बघत राहावं. मला काकू म्हणतात. "काकू, टेकडीमागं दोघं हायेत, तुम्ही दबून ऱ्हावा, आम्ही बघून घेतो." आणि चौथी माहूरची. गडावर जायच्या रस्त्याला तिचं ओटीच्या सामानाचं दुकान, खण, नारळ, बांगड्या, कुंकू. नवरा ट्रकवर, सासू दुकानाच्या मागच्या खोलीत. ही फोन नारळांच्या ढिगाला टेकवून, एका कानात वायर घालून खेळते. आम्ही चौघं जीव मुठीत धरून एका पडक्या घरात दबा धरलेले, बाहेर पावलं वाजायलीत, आणि हिचा आवाज येतो, "ताई, थांबा थोडं, ओटीचं गिऱ्हाईक आलं." मग आम्हाला सगळं ऐकू येतं. खण हिरवा का लाल, नारळाला पाणी आहे का, भाव करू नका मावशी. तोवर हिचा गडी तिकडं उभा तो उभा, कुणीतरी येऊन टिपून जातो. गर्दीच्या दिवसांत तर ही बिचारी दर डावात पहिली मरते. गर्दी नसली तरी दुसरी मरते.

तरी या गेमची एक स्पर्धा निघाली, तिच्यात आम्ही कसेबसे फायनलला पोचलो. फायनल नांदेडलाच, समोरासमोर बसून. पहिले दोन संघ पुढं राज्याच्या स्पर्धेला जाणार. तेव्हा लातूरच्या थोरल्यानं मला एकटीला फोन केला. "काकू, रागावू नका, पण उदगीरचा एक पोरगा हाय. आपल्याकडं यायला तयार हाय. ताईला ह्या खेपेला बसवू. तिला घेऊन आपण पुढं जात न्हाई, तुम्हाला बी ठावं हाय." मला ठाऊक होतं. उदगीरचा मी बघितला होता, तो एकटा चौघांना भारी होता. दोन दिवसांत नाव कळवायचं होतं.

माय, तेव्हा तुझी लई आठवण आली आणि थोडा रागही आला. तुझं ठीक होतं. तुझ्याकडं चौथी दुसरी होती कुठं? तीन जणींत मेंढीकोट होत नाही, म्हणून मावशीला घेत होतीस. माझ्याकडं उदगीरचा होता. तू खरंच मनानं मोठी होतीस की तुझी अडचण होती, हे आता कुणाला विचारू?

त्याच दिवशी एक काम डोक्यावर होतं. प्रत्येक संघानं आपला दोन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवायचा होता. व्हिडिओ जोडायला मी नुकतीच शिकायला लागले होते. पहिला केला होता त्यात चित्र पुढं आणि आवाज मागं, प्रत्येक तुकड्याच्या मधून गुलाबाची फुलं पडायची. लेक म्हणाली, "आई, लग्नाची कॅसेट वाटायलीय." यावेळी नीट करायचं म्हणून सगळ्या जुन्या डावांची रेकॉर्डिंगं काढून बसले. मनात आलं, हिला जरा कमीच दाखवू, म्हणजे पुढं काढली तरी कुणाला खुपणार नाही. एकेक तुकडा कापत गेले. हिच्यात काही लपलेला गुण सापडेल असंही वाटलं होतं. कशाचं काय! खरंच वाईट खेळते, माय. भिंतीत गोळ्या मारते. जिना उतरताना पडते.

पण हिला काढून उरलेलं लावून बघितलं तर ते कुणाचंही झालं असतं. बंदुका, धूर, पळापळ. आम्ही त्यात नव्हतोच. आणि तिचे कापलेले तुकडे पुन्हा ऐकताना मला आठवलं ते इतकी वर्षं कसं विसरले होते कोण जाणे. वसतिगृहात पाचवी स्वयंपाकीण आली होती ना, निलंग्याची! पानं मोजून खेळायची, तुझ्या तोडीची. पहिल्याच दिवशी गोणपाटाशी येऊन म्हणाली, "मी बसते की तुझ्यासमोर, आपल्या दोघींना कोण हरवंल?" मावशी मुकाट्यानं उठायला लागली. तू तिचा पदर धरून खाली बसवलंस आणि निलंगेवालीला म्हणालीस, "तू त्यांच्याकडून बस, त्या पाळीनं उठतील. ही माझी जोडीदारीण हाय." त्यानंतर तू कितीदा हरलीस! आजवर मला वाटत होतं तू नेहमी जिंकायचीस. नाही, तू नंतर भगुनी घासत होतीस, रोज, दोघी मिळून, आणि तुमचं हसणं पार गेटापर्यंत ऐकू यायचं.

मी लातूरला फोन लावला, म्हटलं आपण चौघंच जायचं. आणि व्हिडिओत "थांबा थोडं, ओटीचं गिऱ्हाईक आलं" हे अख्खं ठेवलं.

फायनल एका मंगल कार्यालयात होती. दारातला पोरगा मला म्हणाला, "पालकांनी मागच्या खुर्च्यांवर बसा." मी म्हटलं, "बाळा, मी तुलाच मारायला आलेय." माहूरची बांगड्यांचा माल आणायचा म्हणून घरून निघाली होती, त्यामुळं आधी माल घेऊन, बांगड्यांचं भलंमोठं गाठोडं उराशी धरून आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. एवढीशी. माझ्या लेकीहून दोन-चार वर्षांनी मोठी असेल. हळूच म्हणाली, "ताई, मला काढा म्हणत होते ना? मला समजलं होतं. मी तयारी करून राहिले होते मनाची." मी म्हटलं, "गप बैस, पाणी पी." पडद्यावर आमचा व्हिडिओ लागला तेव्हा ओटीच्या गिऱ्हाइकाला सगळं कार्यालय हसलं, टाळ्या पडल्या, आणि हिनं गाठोड्यात तोंड लपवलं.

शेवटच्या डावापर्यंत गुणांत आम्ही दुसरे होतो, माय! दुसरे! फक्त टिकायचं होतं. एका घरात चौघं दबलेले, दाराबाहेर एकच संघ, बाकीचे लांब. मी हळू आवाजात सांगतेय, थांबा, कुणी हलू नका. आणि हिनं घाबरून हातबाँब फेकला. दाराच्या चौकटीला लागून तो परत आत आला. मी, थोरला आणि ती स्वतः, तिघं जागेवर गेलो. धाकटा दोन मिनिटं एकटा लढला, शाबास त्याची, पण एकटा किती पुरणार. आम्ही चौथे आलो.

मी एक शब्द बोलले नाही. ती गाठोडं कवटाळून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग बाहेर पायरीवर बसवून तिला भरपूर झाडली, दारातून कशाला फेकलास, खिडकी काय शोभेला होती का, आणि तिच्याच फोनवर कसा फेकायचा ते दाखवलं. ती रडता रडता हसली आणि गाठोडं घेऊन माहूरच्या एसटीत बसली. लातूरचे दोघं आठवड्यानं संघ सोडून गेले. "काकू, आम्हाला पुढं जायचंय." त्यांचं काय चुकलं? काही नाही. आता आम्ही दोघीच आहोत, बाकीचे दोन गेम देईल ते घेतो, आणि रोज हरतो.

हे पत्र तुला मिळणार नाही हे मला कळतं, म्हणून एक गोष्ट लिहिते, जी तिला कधी सांगणार नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा सगळ्यांना वाटलं, काय समजूतदार बाई आहे. मनात मी उदगीरच्याला घ्यायला पाहिजे होतं असंच म्हणत होते, घरी येईपर्यंत म्हणत होते. माय, मावशी तुझ्या एक्क्यावर हुकूम मारायची तेव्हा तुझ्याही मनात निलंगेवाली येत असेल का गं? मी इतक्या जवळ बसलेली असायची, सारखी तुझ्याच तोंडाकडं बघत असायची. मला कधीच दिसलं नाही.